मराठी शाळेला काय द्यावं: स्मार्ट बोर्ड, टॅब, की टीव्ही आणि पुस्तकं?

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच मराठी शाळांनी शंभरी ओलांडली आहे. माजी विद्यार्थी एकत्र येतात, पुण्या-मुंबईला किंवा गोव्यात नोकरीला असलेली पोरं वर्गणी पाठवतात, आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या बैठकीत विषय निघतो की या पैशातून शाळेला काय घ्यायचं. पहिलं नाव स्मार्ट बोर्डाचं येतं. त्यामागची काळजी खरी आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस गावात येते, त्यांच्या पत्रकावर डिजिटल क्लासरूमचा फोटो असतो आणि आपला पट घटत चाललेला असतो. पण पट टिकवणं वेगळं आणि पोराला गणित येणं वेगळं. मी इथे दुसऱ्या गोष्टीपुरतंच बोलतो.

यंत्र शिक्षकाच्या जागी आणलं की त्याच्या जोडीला, यावर बरंच काही ठरतं. गुजरातेत ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांत संगणकाचा कार्यक्रम दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहिला होता. नेहमीच्या शिकवण्याऐवजी संगणक लावला तिथे मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोडीला दिला तिथे फायदा झाला, आणि तो कच्च्या मुलांना जास्त झाला. दिल्लीत २०१५ साली माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची साडेचार महिने चाचणी झाली. शाळा सुटल्यावर दीड तासाचा वर्ग, त्यात अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ शिक्षकाकडे. मुलाला जेवढं येतं तिथूनच ते सॉफ्टवेअर पुढचं गणित द्यायचं. गणित आणि हिंदी दोन्हींत ती मुलं चांगलीच पुढे गेली. उलट पेरू देशाने दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, शिकवण्याची पद्धत मात्र तशीच ठेवली. शिकण्यात फरक पडला नाही, असं युनेस्कोचा २०२३चा अहवाल सांगतो.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे आणि विकणारा ती कधी काढत नाही. आपलं पोर कर्नाटकाचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतं. बोर्डासोबत येणारे कर्नाटकाचे धडे बहुधा कन्नड नाहीतर इंग्रजी असतात. मराठीत जे तयार मिळतं ते बहुतेक महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेलं. गणित-विज्ञानात हे निभावतं, कारण अपूर्णांक कोल्हापुरात आणि कागवाडात सारखेच. समाज विज्ञानात निभावत नाही. महाराष्ट्रात चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, इकडच्या पुस्तकाची मांडणी निराळी, आणि एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा पेपर इकडच्या पुस्तकावर निघतो. म्हणून मुलं महागड्या बोर्डावर दुसऱ्याच भाषेतले व्हिडिओ बघत बसतात आणि बाई शेजारी उभ्या राहून भाषांतर करतात. त्यापेक्षा बाईंनी फळ्यावर शिकवलेलं केव्हाही बरं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत हीच गाठ उलट बाजूने होती. पोरांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्या भाषेत. रणजितसिंह डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि मग त्यांत क्यूआर कोड घातले. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचीच चर्चा झाली. मला त्याआधीची मेहनत मोठी वाटते.

पडदा खरोखर उपयोगी पडताना मी पाहिलाय, म्हणून सरसकट नको म्हणणार नाही. विजेच्या सर्किटचा तास होता. व्हिडिओत बल्ब पेटला आणि सगळ्यांना वाटलं, समजलं. सरांनी तिथेच थांबवून एकेका गटाला सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब दिला. एका मुलीने बल्बचं बूड सेलवर टेकवलं आणि वायरचं टोकही बुडालाच लावलं. बल्ब लागेना, वायर तापली. सरांनी उत्तर सांगितलं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट नावाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरच प्रयोग करून बघायचं सॉफ्टवेअर लावून तीच जोडणी पडद्यावर केली. बल्बला वगळून पळणारा प्रवाह आणि आग लागलेला सेल वर्गाने पाहिला. मुलीने वायर काढून बल्बच्या पत्र्याच्या कडेला लावली आणि बल्ब लागला. हातातल्या सेलने प्रवाह दिसला नसता आणि नुसत्या पडद्याने तिची चूक बाहेर आली नसती. फेट फुकट आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात विजेचा आणि रेंजचा भरवसा नसतो, तिथे ही गोष्ट फार मोलाची.

वर्गभर टॅब देण्याच्या मी विरोधात आहे. काचा फुटतात, चार्जिंगची सोय नसते, आणि चाळीस पडदे एकटा शिक्षक सांभाळू शकत नाही. पहिली ते तिसरीच्या नलीकलीच्या, म्हणजे कार्डं-खेळांतून शिकवायच्या वर्गात तर पडदाच नको. तिथे कार्डं, पाटी आणि मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस हवं.

तेव्हा हिशोब असा करा. स्मार्ट बोर्डाचं टच पॅनेल घ्यायला गेलात तर लाखाच्या घरात जाता. ४३ इंची टीव्ही २५-३० हजारांत येतो. त्याला जुना पण चालता लॅपटॉप आणि चांगला यूपीएस जोडा. हा संच पाचवी ते सातवीच्या गणित-विज्ञानापुरता ठेवा. उरलेल्या पैशातून आधी अतिथी शिक्षकाच्या मानधनाला हातभार लावा, कारण दोन-तीन वर्ग एकत्र बसत असतील तर कोणतंच यंत्र ती उणीव भरून काढत नाही. मग पुस्तकं. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीविव्हर वेबसाइटवर मुलांच्या गोष्टी मोफत आहेत, बऱ्याच मराठी आणि कन्नड दोन्हींत. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून समोरासमोर ठेवली तर आपल्या मुलांचं कन्नडही सुधारतं, आणि कन्नडच्या पेपरची भीती किती मुलांना असते हे तुम्हाला ठाऊक आहे.

एवढं सांगूनही कमिटीला बोर्डच हवा असेल, तर विकणाऱ्याला शाळेत बोलवा. सातवीचं आपलंच पुस्तक हातात द्या, इंटरनेट बंद करा आणि त्यातला एक धडा मराठीत दाखवायला सांगा. शिकवणाऱ्या बाईंना त्या वेळी समोर बसवा आणि पैशाचं त्यानंतरच बोला.