शिक्का मरीनचा, प्लाय कमर्शिअल

गोव्यात घराचं काम काढलं की ठेकेदाराच्या तोंडी एकच शब्द: ‘मरीन’, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड. किचन मरीनमध्ये, कपाटं मरीनमध्ये, देवघरसुद्धा मरीनमध्ये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं भिंतींनाही घाम फुटतो, त्यामुळे गिऱ्हाईक चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजायला कुरकुर करत नाही. आमच्या फोंड्याच्या घरी पैसे मरीनचेच गेले. कपाटांना लागलं मात्र कमर्शिअल.

दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः गोंदाचा. कमर्शिअल म्हणजे एमआर (ओलावा सोसणारं) प्लाय, आयएस ३०३ या भारतीय मानकातलं. त्याला युरियाचा गोंद, हवेतला दमटपणा सोसण्यापुरता. मरीन म्हणजे आयएस ७१०. त्याचे थर फिनॉलच्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि मानकानुसार ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटता कामा नयेत. फिनॉलचा गोंद गडद तपकिरी, म्हणून कापलेल्या कडेला थरांमध्ये काळपट रेघा दिसतात. ही खूण आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे आणि म्हणूनच युरियाच्या गोंदात रंग कालवणारेही निघाले आहेत. नुसत्या रेघा बघून खूश होऊ नका.

ठेकेदाराने सुरुवातीला हातभर नमुना दिला, तो अस्सल होता. तो मी माळ्यावर टाकून ठेवला, पुढे तोच कामाला आला. ‘बाब, चवथीआधी काम पुरं करतो, पक्कं बिल घेऊ नका, जीएसटी कशाला भरता?’ हे त्याचं बोलणं. मी पक्क्या बिलाचा आग्रह धरला तेव्हा ‘दुकानदाराकडून आणतो’ म्हणाला आणि शेवटी हातात ठेवला कच्चा कागद. त्यावर लिहिलं होतं ‘प्लाय १९ एमएम’. ना ग्रेड, ना कंपनी, ना आयएस क्रमांक. माल आला तो भर पावसात, तिन्हीसांजेला, ताडपत्रीखाली. वरच्या शीटवर ठळक शिक्का होता. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत येईपर्यंत निम्म्या फळ्यांवर सनमायका बसला होता.

सगळी चलाखी या घाईत आहे. सनमायका चढला आणि कडेला पट्टी लागली की आत प्लाय आहे की पुठ्ठा, हे मालकाला कळायचा मार्ग उरत नाही. चवथीच्या आधी गोव्यात प्रत्येक घरी रंग, डागडुजी, सुतारकाम चाललेलं असतं, सुतार मिळता मिळत नाही, आणि गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायच्या दिवसापर्यंत घर मोकळं हवं म्हणून मालकच मागे लागलेला असतो. ‘जरा थांब, बघू दे’ म्हणायला कोणाची जीभ रेटणार?

पुढच्या पावसात सिंकखालचं दार लागेना. ठेकेदार म्हणाला, ‘तुमच्याकडे ओल फार, गोव्यात असंच होतं.’ ओल आहे म्हणूनच तर मरीनचे पैसे दिले होते, बाबा! मग गावातल्या जुन्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी पटाशीने कडेची पट्टी उचकटली, सिंकखालची आडवी फळी काढली आणि करवतीने आडवी कापली. खालचे दोन थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते. मधल्या थरात दोन तुकड्यांच्या सांध्यात एवढी फट, की मेस्तांच्या करंगळीचं टोक आत गेलं. भिजलं नव्हतं तिथे कॅलिपरने जाडी मोजली, १६ मिमीच्या थोडी वर. ‘लॅमिनेट धरून १९’ असं ठेकेदाराचं उत्तर. सनमायका जेमतेम १ मिमीचा, हा हिशोब कुठल्या शाळेतला?

मग वरच्या कपाटाच्या फळीचा कोरडा तुकडा आणि माळ्यावरचा नमुना, दोन्ही एकाच पातेल्यात उकळत ठेवले. आई म्हणाली, ‘शिट्ट्या किती काढायच्या?’ दुपारच्या जेवणापर्यंत फळीचा तुकडा फुगून थर न् थर वेगळा झाला, नमुना जसाच्या तसा. एमआर प्लाय उकळण्यासाठी बनवलेलंच नसतं, त्यामुळे त्या प्लायचा दोष नाही. दोष ते मरीन म्हणून विकणाऱ्याचा.

शिक्क्याचंही ऐका. आयएसआय चिन्हाबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. शीटचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यावरचा क्रमांक टाकला, तर तशा परवान्याची नोंदच नाही. तक्रार करायची सोय त्याच ॲपमध्ये आहे, ती मी केली.

बिजागऱ्यांची गंमत वेगळीच. ‘३०४ स्टील आहे, बघा, लोहचुंबक चिकटत नाही’ म्हणत त्याने माझ्यासमोर चुंबक फिरवून दाखवला होता. स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्या चाचणीने लोखंड ओळखता येईल, ३०४ नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं रसायन मिळतं. आमच्या बिजागऱ्यांवर वर्षाच्या आत तांबूस ठिपके आले. किनाऱ्यालगत घर असेल तर खाऱ्या हवेत ते याहून लवकर येतील. मापाचा वाद घालायचा मला कंटाळा आला, पण तेही सांगून ठेवतो: ६ फूट २ इंच रुंदी त्याने साडेसहा धरली होती. सात फूट उंचीच्या कपाटाला तेवढ्यानेच दोन चौरस फुटांहून जास्त वाढतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा ठेकेदारसाहेबांचे फोन सुरू झाले. सिंकखालचं युनिट बदलून मिळालं. बाकीच्या कपाटांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोवा जिल्ह्यात, म्हणून आम्हाला मडगाव. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि ‘सगळं मरीनमध्येच करतो’ हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहे. फळीचा तुकडा आणि नमुना एकाच पिशवीत बांधून ठेवलेत.

आता माडीवरचं काम मेस्तच करतायत. प्लाय मी स्वतः दुकानातून आणलं. बिलावर आयएस ७१०, जाडी, कंपनी आणि परवाना क्रमांक लिहून घेतला. प्रत्येक शीटची कड उजेडात बघितली, एकेका शीटमधून पट्टी कापून घेतली. सनमायका लावायच्या आधी मला हाक मारायची, आणि तोवर दुसरा हप्ता नाही, एवढं ठरलंय. मेस्तांना त्याचं काही वाटत नाही. ज्याला वाटतं, त्याला काम देऊ नका.

त्या ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये आमच्या स्वयंपाकघराचा फोटो अजून नमुना म्हणून फिरतोय, असं फोंड्यातल्याच एकाने सांगितलं. पांढरी कपाटं, हिरव्या फरश्या, खिडकीत तुळस. कोणी दाखवला तर सिंकखालचं दार उघडून काढलेला फोटो मागा.