हरवलेली ओळ शोधताना: कॅपिटल ‘एस’ की कॅपिटल ‘जी’?

महापेच्या आमच्या ऑफिसात परवा एका कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधली टाइमआउटची, म्हणजे किती वेळ वाट पाहायची ते सांगणारी, ओळच गायब दिसली. कुणी काढली, कधी काढली, पत्ता नाही. गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातले शेकडो कमिट (नोंदवलेले बदल) एकेक उघडत बसलो असतो तर घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकलही हुकली असती.

कमिटची यादी दाखवणाऱ्या ‘गिट लॉग’ या कमांडला कॅपिटल एस (-S) आणि शोधायचा मजकूर द्या. तो मजकूर फाइलमध्ये किती वेळा येतो, ही संख्या ज्या कमिटमध्ये बदलली तेवढेच कमिट समोर येतात. म्हणजे ओळ आली तो आणि गेली तो. आम्हाला दोनच नोंदी मिळाल्या, आणि दुसरीच्या संदेशात कारणही लिहिलेलं होतं. असे संदेश लिहिणाऱ्यांचे खरंच उपकार मानावेत.

पण त्याच ओळीत ३० चे ६० झाले, तर टाइमआउट हा शब्द जागेवरच राहतो, संख्या बदलत नाही आणि एस गप्प बसतो. ओळ त्याच फाइलमध्ये वरखाली हलवली तरी तेच. तिथे कॅपिटल जी (-G) लागतो. तो प्रत्येक कमिटमधल्या जोडलेल्या-काढलेल्या ओळी तपासतो. मात्र जी मजकुराला रेग्युलर एक्स्प्रेशन समजतो, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ असलेला शोधाचा साचा. टिंब किंवा कंस असेल तर आधी बॅकस्लॅश हवाच. निकालही जास्त येतात, चाळावे लागतात.

मी आधी एसच लावतो. हाती काही लागलं नाही, तरच जी. दोन्हींसोबत लहान ‘पी’ (-p) जोडला की बदललेल्या ओळीही तिथेच दिसतात. फाइलचं नाव मध्येच बदललं असेल, तर नाव न देता अख्ख्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइल्सच्या इतिहासात, शोधा.