प्रवाळाचे डिप-द्रावण: कृमी सुटतात, अंडी राहतात

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या एका फांदीचा रंग फिका पडू लागला, तेव्हा मी आधी दिव्याला आणि मग पाण्याच्या अल्कलिनिटीला (आम्ल पचवण्याच्या क्षमतेला) दोष दिला; भिंगातून पाहिल्यावर मात्र बुंध्याजवळ गोल, पांढुरके चट्टे दिसले आणि ते अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींचे निघाले. त्यावर वापरलेल्या, वनस्पतिजन्य तेलांच्या एका डिप-द्रावणाविषयी (प्रवाळ थोडा वेळ बुडवून कीड काढायच्या द्रावणाविषयी) हा अभिप्राय आहे.

टाकीतल्याच पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात द्रावण मिसळून, त्यात फांदी धरून पिपेटने फवारे मारले, तेव्हा पाचव्या मिनिटाला पहिला कृमी सुटून पांढऱ्या वाडग्याच्या तळाशी पडला आणि कडा आत वळवू लागला. प्रवाळाच्या अंगावर तो इतका बेमालूम मिसळतो की आधी डोळ्यांसमोर असूनही दिसला नव्हता. (भांडे पांढरे घ्यावे, ही साधी सूचना माहितीपत्रकात असायला हवी होती.) वास उग्र आहे.

खरी तक्रार वेगळी आहे. एकाच वापरात कीड संपेल, हा वेष्टनावरचा दावा दिशाभूल करणारा आहे, कारण अंड्यांवर अशा द्रावणांचा परिणाम होत नाही. मृत सांगाड्याला चिकटलेले अंड्यांचे तपकिरी पुंजके मला ब्लेडने खरवडावे लागले, जुना प्लग (फांदी ज्यावर चिकटवलेली असते तो छोटा तळ) फेकून द्यावा लागला आणि नव्या पिल्लांसाठी दर आठवड्याला एकदा, असे सहा वेळा डिप करावे लागले. शेवटच्या दोन्ही वेळी वाडगा स्वच्छ राहिला. फांद्यांत राहणारा छोटा खेकडा मात्र आधी बाहेर काढावा; माझा पहिल्याच डिपमध्ये मेला.