हिरव्या पाल्यासाठी जाळीचा डबा: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

मार्चमध्ये हा डबा घेतला तो एवढ्यासाठीच, की आठवडी बाजारातून आणलेला पाला पुढच्या बाजारापर्यंत पुरावा. घरी हिरवा इग्वाना (मोठा सरडा) आहे, रीतसर नोंदणी केलेला. त्याचं सगळं पोट पाल्यावर. आपण एखादा दिवस पिठलं-भाकरीवर काढतो, त्याला ते शक्य नाही. आणि भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे. सकाळी आणलेली मेथी दुपारी मान टाकते.

डबा साधा आहे. झाकणाला रबर, आत तळापासून बोटभर उंच जाळी. पाणी खाली निथळतं, पानं वर राहतात. पण इतके महिने वापरल्यावर माझं मत असं, की जाळीपेक्षा जास्त काम सुती कापड करतं. जुन्या साडीचा धुतलेला तुकडा जाळीवर अंथरायचा, त्यावर पाला सैलसर, वर दुसरा तुकडा. खुडलेलं पानही श्वास घेत असतं, ओल सोडत असतं. ती ओल झाकणाला थेंब धरून पुन्हा पानावर पडली, की तिथून सड लागते. कापड ते थेंब पिऊन घेतं, शिवाय आतली हवा पार कोरडी पडू देत नाही. दर दोन दिवसांनी कापड बदलायलाच हवं.

पाला धुऊन ठेवू नका. बाजारात मावशी उन्हापायी जुड्यांवर सारखं पाणी मारतात, त्यांचाही इलाज नाही. म्हणून मी सकाळी लवकर जाते, घरी येऊन जुडी सोडते, पिवळी पानं काढते आणि पंख्याखाली पाला सुकला की मगच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते. धुवायचा तो खायला देताना. तेव्हाही अर्धा तास आधी बाहेर काढते. या प्राण्याचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, फ्रिजमधला गार घास त्याला बरा नाही.

सर्वात मोठा फायदा शेवग्याचा झाला. उघड्या टोपलीत शेवगा रात्रीत पिवळा पडून गळतो. डब्यात डहाळीसकट ठेवला की चार-पाच दिवस हिरवा राहतो. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, आणि इग्वानाला कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट लागतं. ते कमी पडलं, किंवा अतिनील प्रकाश पुरेसा मिळाला नाही, तर हाडं मऊ होतात, जबडा सुजतो. लसूणघास आठवडाभर टिकतो, जास्वंदीची पानंही. पालक छान टिकतो, पण टिकतो म्हणून रोज देऊ नका: त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. पोकळ्याचंही तेच.

आपल्याकडची खरी अडचण केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यात ओट्यावर फणी नाही असं घर विरळाच. पिकणारं केळं इथिलीन वायू सोडतं. पिकवण केंद्रात हाच वायू सोडून केळी पिवळी करतात, आणि पाल्याचंही तो तेच करतो. त्यामुळे पाला पंख्याखाली पसरताना केळी दुसऱ्या खोलीत. फ्रिजमध्ये आंबे आणि टोमॅटो वेगळ्या कप्प्यात. घट्ट झाकणाचा इथे उपयोग होतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आता उणिवा. जुलैत झाकणाची एक खिट्टी तुटली, सुटं झाकण कुठे मिळेना. तेव्हापासून रबर बँड लावते. जाळीच्या कोपऱ्यात चिकट थर बसतो, गरम पाणी आणि ऊन दोन्ही लागतं, आणि पावसाळ्यात ऊन कुठलं? त्या दिवसांत बाजारात पालाच भिजलेला येतो, टिकण्याचे दिवस निम्मे होतात. (बांधावरचा पाला फुकट मिळतो, पण कपाशीवर फवारणी चालू असताना तो आणू नका.) डबा फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकला तर पानं गोठून काचेसारखी होतात आणि बाहेर काढल्यावर लगदा. वीज गेली की फ्रिज उघडायचाच नाही, आणि आल्यावर आधी कापड बदलायचं.

बर्फाच्या कप्प्यात पाला साठवून रोज तोच द्यायचा विचार असेल तर नको. गोठवलेल्या पाल्यात थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) कमी होतं.

पैसे वसूल झाले, पुन्हा घेईन. मात्र एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एकात सड लागली तरी दुसऱ्यातला पाला बाजाराच्या दिवसापर्यंत पुरतो.