'ओरिजिनल' म्हणून विकलेल्या नकली आउटपुट ट्रान्झिस्टरांपासून सावध राहा

ज्यांनी पॉवर अँप्लिफायर दुरुस्त केले आहेत त्यांना नकली ट्रान्झिस्टरांचा धंदा कसा चालतो हे नव्याने सांगायला नको. तरीही लिहितो आहे, कारण मला विकलेला माल मल्टिमीटरच्या प्रत्येक कसोटीला उतरला होता आणि त्याच भरवशावर अनेक जण पुढे जातात.

एका अँप्लिफायरच्या एका चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे शेवटचे ट्रान्झिस्टर, शॉर्ट झाले होते. सी ५२०० आणि ए १९४३ या एकमेकांना पूरक ट्रान्झिस्टरांच्या ४ जोड्या, पुरवठा अधिक-उणे ७० व्होल्टचा. एक गेला तरी पूर्ण संच बदलावा, म्हणून ८ जोडायला आणि २ शिल्लक असे १० नग मागवले. विक्रेत्याने माल 'ओरिजिनल' असल्याचे संदेशात लिहिले, पैसे पूर्ण आणि आगाऊ घेतले, बिलावर मात्र 'इलेक्ट्रॉनिक सुटे भाग' एवढेच छापले. बिलावर पार्ट नंबर नसेल तर तो माल घेऊच नका.

ज्या क्षणी माल नकली असल्याचे उघड व्हायला हवे होते तो अजून डोक्यातून जात नाही. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) बसवण्याआधी ट्रान्झिस्टर थिनरच्या बोळ्याने पुसले, तेव्हा बोळा काळा झाला. त्याच बोळ्याने मी आधी हीटसिंकवरची जुनी, धुळीने मळलेली उष्णतावाहक पेस्ट काढली होती, त्यामुळे तो मळ तिचाच वाटणे स्वाभाविक होते. पण साच्याची जी गोल खोलगट खूण अंगावर गुळगुळीत दिसायला हवी, ती या नगांवर खरखरीत काळ्या थराने अर्धी बुजलेली होती आणि ती मी बोटाखाली जाणवूनही सोडून दिली. मूळ अक्षरे घासून, वर काळा लेप देऊन नवा नंबर छापलेला होता. नवे नग हाती येताच स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसा.

मल्टिमीटरवर डायोड टेस्ट ठीक, गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) ठीक. शॉर्ट असल्यास प्रवाह रोखावा म्हणून पुरवठ्याच्या वाटेत लावलेला सिरीज बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नव्हता. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट, म्हणजे दर ट्रान्झिस्टरला १०० मिलिअँपिअर बायस (आवाज नसतानाही वाहणारा प्रवाह), मी स्वतः लावला. कामात कुठेही कसर नव्हती. आवाज वाढवून थोडा वेळ चालवताच एक ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट झाला आणि पाठोपाठ बाकीचेही गेले. बिघाड होताच स्पीकर तोडणारा संरक्षक रिले सुटला, पण ७० व्होल्ट डीसीचा आर्क (सलग ठिणगी) त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये तुटला नाही. वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) ६ ओहमच्या व्हॉइस कॉइलमधून ११ अँपिअरहून जास्त प्रवाह गेला आणि वूफर जळाला. एकूण नुकसान ८ आउटपुट, २ ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे ट्रान्झिस्टर), ८ एमिटर रेझिस्टर, रिले आणि वूफर.

नंतर एक जुना अस्सल आणि एक नवा, दोन्ही फोडले. जुन्यातला सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा, नव्यातला त्याच्या चौथ्या हिश्शाहून लहान. एवढ्याशा तुकड्यावर १५० वॉट आणि २३० व्होल्टची क्षमता छापणे ही सरळ लबाडी आहे. तुकडा लहान असेल तर कपॅसिटन्सही कमी येतो, म्हणून कपॅसिटन्स मीटर असेल तर कलेक्टर आणि बेसमधील आकडा जोडण्याआधीच मोजा. डेटाशीटमध्ये तो १० व्होल्टला सी ५२०० साठी सुमारे २००, ए १९४३ साठी सुमारे ३६० पिकोफॅरड आहे. व्होल्टेज न देता मोजल्यास तो याहून जास्तच यायला हवा. माझ्या उरलेल्या दोन्ही नगांत तो जेमतेम १०० आला.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: सोल्डर केलेला भाग परत घेत नाही. सोल्डर केल्याशिवाय भार देता येत नाही आणि भार दिल्याशिवाय लबाडी सहसा कळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. पोलिसांनी 'माल मिळाला ना, मग हा व्यवहारातला वाद' म्हणून तक्रार नोंदवायलाच नकार दिला. ग्राहक तक्रार कक्षाने प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, पण कोणत्या प्रयोगशाळेचा हे सांगितले नाही. अहवाल कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायचा हे लेखी विचारल्यावर माझाच अर्ज 'अपूर्ण' शेरा मारून परत पाठवला. फोडलेल्या तुकड्यांचे फोटो पाहायची कोणी तसदीही घेतली नाही. फसवणाऱ्याला एक ओळ पुरते, फसलेल्याकडून मात्र पुराव्यावर पुरावा मागतात, याचा संताप नुकसानाहून मोठा आहे.

वूफर जोडून पहिली चाचणी कधीही घेऊ नका. आधी डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) हीटसिंक तापेपर्यंत चालवा. एक-दोन नग न जोडता पाकिटासकट ठेवा. माझा अर्ज त्या दोन नगांच्या मोजणीसह पुन्हा दाखल केला आहे, आणि त्या विक्रेत्याची जाहिरात आजही 'ओरिजिनल' या शब्दासह सुरू आहे.