जोडप्यांसाठी मिश्र दुहेरीचा वर्ग: चावट बोली, चोख बॅडमिंटन

पुण्यातील एका बॅडमिंटन हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी केवळ जोडप्यांसाठी मिश्र दुहेरीचा वर्ग भरतो, आणि गेले काही महिने आम्ही दोघे तिथे नियमाने जात आहोत. या खेळाचे पहिले नियम 1873 मध्ये पुण्यातच तयार झाले असे मानले जाते, त्यामुळे शिकवण्यात शिस्तीचा काच असेल अशी माझी समजूत होती. शिस्त आहेच, पण ती फटक्यांपुरती; बोलणे असे की पहिल्या काही मिनिटांतच निम्मे नवरे लाजेने लाल होतात आणि बायका नॅपकिनने तोंड झाकून हसू लागतात.

प्रशिक्षिका साठीच्या पुढच्या आहेत आणि सगळे त्यांना बाई म्हणतात. पहिल्या दिवशी बराच वेळ त्यांनी रॅकेट धरण्यावरच खर्च केला. शेजारच्या कोर्टावरचे एक गृहस्थ मूठ इतकी आवळून उभे होते की त्यांच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. बाईंनी त्यांचा अंगठा उचलून रॅकेटच्या दांड्याच्या रुंद बाजूवर अलगद टेकवला आणि म्हणाल्या, "अहो, ती कुठे पळून जात नाही. सैल धरा. आवळायचं ते फक्त ऐन क्षणी, आणि लगेच सोडायचं." हॉल हसून लोटपोट झाला, परंतु पुढच्याच बॅकहँडला, म्हणजे हाताची मागची बाजू पुढे करून मारलेल्या फटक्याला, त्यांचे शटल थेट मागच्या रेषेपर्यंत गेले, कारण मूठ सैल असली तरच हात मोकळा फिरतो आणि फटक्यात वेग येतो.

हीच या वर्गाची खरी ताकद आहे. बाईंचे प्रत्येक चावट वाक्य तंत्राच्या दृष्टीने बिनचूक असते, आणि म्हणूनच ते घरी गेल्यावरही विसरता येत नाही. जाळी खांबांपाशी 1.55 मीटर आणि मध्यभागी 1.524 मीटर उंच असते, हे मी पूर्वीही वाचले होते. पण "मध्ये ती जराशी झुकते, तिथूनच हळूच जायचं, जोर लावलात की संपलं" हे ऐकल्यापासून माझी शॉर्ट सर्व्हिस सुधारली. समोरचा खेळाडू तयार नसताना सर्व्हिस करायची नाही हा नियम सांगताना त्या सर्व नवरेमंडळींकडे रोखून पाहतात आणि तो शयनगृहातही लिहून लावायला सांगतात. मिश्र दुहेरीत स्त्रीने जाळीजवळ आणि पुरुषाने मागे राहायचे ही जुनी चाल त्यांना मुळीच मान्य नाही. "पुढे कोण नि मागे कोण हे एकदाच ठरवून मोकळे होऊ नका, अधूनमधून जागा बदला, दोघांनाही बरं वाटतं," असे त्या म्हणतात, आणि मग खरोखरच फिरत्या रचनेचा सराव घाम निघेपर्यंत करून घेतात. दोन गेमच्या मध्ये नियमाने 120 सेकंदांची विश्रांती मिळते. त्यावर त्यांचे म्हणणे असे की लग्नाला वीस वर्षे झालेल्यांनी इतक्या लवकर पुन्हा सज्ज होण्याचा हट्ट धरू नये, पाणी प्यावे, चार शब्द बोलावेत.

असल्या बोलण्याचा तोल सांभाळणे सोपे नसते. पुरुषांच्या घोळक्यातला द्व्यर्थी विनोद बहुधा कोणत्या तरी स्त्रीच्या जिवावर केलेला असतो आणि तो मला कधीच सहन झालेला नाही. इथे मात्र कोणाच्याही शरीरावर, वयावर किंवा दमछाकीवर शेरा मारला जात नाही. शृंगारिक लावणीप्रमाणे सारे काही सूचक राहते आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या मनावर सोपवलेले असते. माझी पत्नी, जी एरवी असल्या बोलण्याने उठून जाते, तीच आता रॅली लांबली की मागून "घाई करू नका हो" असे मोठ्याने बजावते.

उणिवाही सांगायला हव्यात. सरावासाठी नायलॉनची शटल दिली जातात, आणि ती पिसांच्या शटलसारखी शेवटी एकदम मंदावून खाली येत नसल्याने ड्रॉप शॉटचा, म्हणजे जाळीलगत हळूच टाकायच्या फटक्याचा, अंदाज चुकीचा बसतो. सोळा पिसांची शटल लवकर तुटतात आणि महाग पडतात हे खरे. तरीही शेवटचा अर्धा तास तरी त्यांच्यावर खेळवावा, आणि त्यासाठी शुल्क थोडे वाढले तरी आमची हरकत नाही. जोडप्यांना सोबत मुले आणण्याची मुभा नाही, आणि ती नसलेलीच बरी. पायांत न घसरणारे, इनडोअर तळव्यांचे बूट मात्र स्वतःचेच न्यावेत, तिथे ते मिळत नाहीत.