जळगाव-धुळ्यातच की पुण्याला? बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगचा खर्च, सवलती आणि निवड

एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की खानदेशातल्या घराघरांत एकच विषय असतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "पोऱ्याले पुनाले धाडू का आठेच ऱ्हाऊ दिऊ?" मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. त्यामुळे दर पावसाळ्यात पालक मुलांना घेऊन ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, दाखवायला येतात. बहुतेकांचं बोलणं कॉलेजच्या नावापासून सुरू होतं आणि फीपाशी संपतं. माझ्या मते ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की जागा कोणत्या मार्गाने मिळतेय. सरकारी सवलत त्यावरच ठरते.

आधी जागेचा प्रकार

कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून जागा मिळाली, तर महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना लागू होतात. मग कॉलेज शिरपूरचं असो की पुण्याचं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर चारही वर्षं पूर्ण फी स्वतःच्या खिशातून. आणि तिसरा प्रकार फार जणांच्या ध्यानात येत नाही. पुण्याच्या आसपास ज्या खासगी आणि अभिमत 'युनिव्हर्सिटी' आहेत, त्यांची स्वतःची प्रवेशप्रक्रिया असते. निम्म्या फीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती किंवा मुलींची सरकारी फीमाफी तिथे चालत नाही. माहितीपत्रक गुळगुळीत असतं, समुपदेशक गोड बोलतो, आणि 'स्कॉलरशिप' म्हणून ते जे देतात ती त्यांच्या स्वतःच्या फीतली सूट असते. पुढच्या वर्षी किती गुण पडले तर ती टिकेल, हे लेखी घ्या.

कॅपमधून प्रवेश आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ढोबळ चित्र असं: खुल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. याच प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, मात्र खुल्या प्रवर्गातल्या मुलीकडे त्यासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागतं. व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) पूर्ण सवलत आधीपासूनच आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे नुसती फीमाफी. डेव्हलपमेंट फी मात्र शाहू शिष्यवृत्तीत आणि मुलींच्या फीमाफीत धरलेली नाही. ती भरावीच लागते.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) या जागांकडेही नीट पाहा. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी'. मेरिट कडक लागतं आणि पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ज्या मुलाला निम्मीच सवलत मिळणार आहे त्याने ही जागा आधी लिहावी. ज्या मुलीची फी तशीही माफ आहे तिला तिचा विशेष फायदा नाही.

आता खरा हिशेब

एरंडोलच्या एका मुलाचं उदाहरण धरू. खुला प्रवर्ग, घरची चार एकर कोरडवाहू, उत्पन्न मर्यादेत. आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून तिथे टाका. पुण्याच्या कॉलेजचं शिक्षण शुल्क १ लाख ४० हजार, जळगावकडचं ८० हजार. निम्मी सवलत धरली तर वर्षाला ७० हजार आणि ४० हजार. चार वर्षांत फरक १ लाख २० हजारांचा.

राहण्याचं बघू. पुण्यात कॉट बेसिसवर खोली आणि मेस मिळून महिन्याला १० हजार धरले, वर्षाचे दहा महिने, तर चार वर्षांत ४ लाख. एरंडोलहून जळगावजवळचं बांभोरी किंवा जळगाव गाठायला एसटीचा विद्यार्थी पास लागतो, त्याला भाड्याच्या साधारण एक-तृतीयांश पैसे पडतात. तो खर्च आणि चहापाणी मिळून वर्षाला १० हजार, म्हणजे चार वर्षांत ४० हजार. इथला फरक ३ लाख ६० हजार. फीच्या फरकाच्या तिप्पट! आणि घरी चर्चा मात्र फीचीच होते.

म्हणून एरंडोल, धरणगाव, पाचोरा, भुसावळ अशा जाऊन-येऊन करता येणाऱ्या गावांतल्या पालकांना मी सांगते, पुण्याला पाठवायचं तर जवळजवळ पाच लाख जास्तीचे लागतील असं धरूनच बोला.

धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या पालकांना हाच हिशेब लावला तर चुकेल. सातपुड्यातल्या मुलाला जळगावही परगावच आणि धुळेही परगावच. खोली दोन्हीकडे लागणार, मेस दोन्हीकडे लागणार. उलट शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना साधारण याच धर्तीवर चालते. फी माफ, राहण्याला आधार, आणि जवळ-दूरचा फरक थोडाच. अशा घरातल्या मुलाचं पर्सेंटाइल पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय अशा नामवंत कॉलेजांच्या आसपास असेल, तर त्याला केवळ लांब पडतं म्हणून अडवू नका. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत चौकशी करा आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यांच्या अटी वाचून घ्या.

या सगळ्या योजनांचा एक मोठा दोष आहे, तो पालकांना आधी सांगायला हवा. पैसे उशिरा येतात, हप्त्यांनी येतात. प्रवेश होतो ऐन पावसाळ्यात. त्या वेळी कापूस शेतात उभा असतो, खतं-फवारणीत हात रिकामा झालेला असतो, आणि पहिली वेचणी बाजारात जायला दिवाळी उजाडते. त्याच आठवड्यात कॉलेज, खोलीचं डिपॉझिट आणि मेस तिघेही पैसे मागतात. इथेच आईची पोत सोनाराकडे जाते नाहीतर आडत्याकडून उचल घेतली जाते. म्हणून बारावीच्या मार्चपासूनच पहिल्या चार महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवता आला, तर बाकीचं वर्ष बरंच सुसह्य होतं.

जागा कुठे मिळण्याची शक्यता जास्त

कॅपच्या कटऑफ याद्या मराठी घरांत फार कमी वाचल्या जातात, म्हणून त्यावर थोडं थांबते. यादीतल्या रकान्यांवर 'जीओपनएच', 'जीओपनओ', 'जीओपनएस' असं छापलेलं असतं. सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' असेल तर मुलींची जागा. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. 'एच' म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले, 'ओ' म्हणजे बाहेरचे, 'एस' म्हणजे अख्ख्या राज्याची एकच यादी.

ज्याने बारावी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात केली, तो कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'एच'. इथल्या संलग्न कॉलेजांत बहुतांश जागा त्याच्यासाठी. पुण्याच्या संलग्न कॉलेजात तो 'ओ', तिथे जागा थोड्या. पुण्याचा कटऑफ पाहताना शेजारच्याने दाखवलेला 'एच'चा आकडा तुमच्या मुलाला लागू नाही. आणि ज्यांनी अकरावी-बारावीला लातूर किंवा पुणे गाठलं, त्यांचं होम विद्यापीठ बदललेलं असतं, हे जुलैत कळून उपयोग नाही. स्वायत्त आणि काही सरकारी संस्थांत 'एस' यादी चालते. तिथे खानदेशी असण्याचा ना फायदा ना तोटा.

पसंतीक्रमाचे नियमही २०२५ मध्ये कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते आपोआप पक्कं होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. 'टाकून तर बघू' म्हणून वर लिहिलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, आणि पहिल्या सहा ओळी मुलाने स्वतः, विचार करून लिहू द्या.

शिक्षण आणि नोकरी

पुण्याची बाजू भक्कम आहे हे मान्य करायलाच हवं. हिंजवडी-चाकणच्या कंपन्या जवळ, इंटर्नशिप सुट्टीशिवाय करता येते, चार राज्यांतली मुलं भेटतात, इंग्रजी बोलायची भीड चेपते. आपल्याकडे चांगला अभ्यास करणारी मुलंही मुलाखतीत गप्प बसतात, ते मी पाहते.

पण 'पुणे' या नावाखाली शहराबाहेर पन्नास-साठ कॉलेजं येतात आणि सगळी सारखी नाहीत. १९९६ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरपूरचं आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, केमिकलसाठी विद्यापीठातच असलेली केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, बांभोरीचं १९८३ पासूनचं एसएसबीटी अभियांत्रिकी महाविद्यालय, या ठिकाणी हवी ती शाखा मिळत असेल तर पुण्याच्या वेशीवरच्या अनोळखी कॉलेजात नको असलेल्या शाखेसाठी पाच लाख जास्त मोजू नयेत. हे माझं ठाम मत आहे. सरकारी कॉलेजची फी तर खासगीच्या मानाने खूपच कमी.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठा. विषयाला कायम शिक्षक आहेत का, प्रयोगशाळेत हात लावू देतात का, मागच्या वर्षी आपल्या शाखेतली किती मुलं कोणत्या कंपनीत गेली, एवढं विचारा. गेटवरच्या बॅनरवर एका मुलाचं मोठं पॅकेज असतं. तुम्हाला बाकीच्यांचं हवंय.

मुलींबद्दल

"मुलगी आहे, जवळच बरी," हे वाक्य मी फार ऐकते. मुलीची फी माफ झाल्यावर घरावरचं ओझं कमी होतं, आणि ते वाचलेले पैसे बहुतेकदा भावाच्या नावावर किंवा लग्नाच्या बेतात जातात. ते तिच्या वसतिगृहाला लावा. पुण्यात तिला चांगली जागा मिळत असेल तर फीचा फरक जवळजवळ शून्य आहे. उरतो फक्त राहण्याचा खर्च. घरी यायला एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

कर्ज काढायचं तर

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न आणि तांत्रिक अभ्यासक्रम असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. कॉलेज यादीत आहे का, ते आधी पोर्टलवर बघा. यादीत नसेल तरी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागू नये असा नियम आहे. तरी शाखेत सातबारा मागतात, एफडी मागतात. अशा वेळी अर्ज पोर्टलवरूनच करा, म्हणजे नकार दिला तर लेखी कारण द्यावं लागतं.

मॅनेजमेंट कोट्याच्या जागेसाठी शेत गहाण टाकून कर्ज काढू नका. त्यापेक्षा जवळच्या कॉलेजात कॅपची जागा केव्हाही बरी.

कागद आणि बोलणं

गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडची एक आई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे दाखले घेऊन आली होती. मुलाच्या टीसीवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्याने शिष्यवृत्ती मंजूर होऊनही जमा होत नव्हती. दोन महिने तिच्या चकरा चालू होत्या. म्हणून नावांची दुरुस्ती बारावीच्या दिवाळीतच उरका. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत त्याच वर्षी जाऊ द्या. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस चालू वर्षाचं लागतं, त्यासाठी एप्रिलमध्येच सेतू केंद्रात नंबर लावा. पोर्टलवर मोबाइल नंबर असा द्या की ओटीपी आल्यावर तो फोन घरात असेल, शेतात नाही.

आणि मुलाला घरचा आकडा सांगा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बापावर सोसायटीचं कर्ज किती आहे, यंदा केळीची पट्टी किती आली हे कळायला हरकत नाही. "तुझ्यासाठी वर्षाला ८० हजार काढू शकतो, वरचे जमवायचे कसे ते सोबत बघू," असं फॉर्म भरायच्या आधी म्हणा. फॉर्म भरून झाल्यावर म्हटलं तर ते त्याला टोमण्यासारखं लागतं. आकडा माहीत असलेली मुलं पसंतीक्रम जास्त विचाराने लावतात, आणि महाडीबीटीचा अर्ज दुसऱ्या वर्षी पुन्हा भरायचा असतो हेही तीच आठवणीत ठेवतात. तो अर्ज राहिला तर त्या वर्षाची सवलत जाते.